लायब्ररी समोर दिसतेय, तरी एफएफएमपेग म्हणतं ‘एक्स२६५ नॉट फाउंड’: परत परत येणाऱ्या एररचा निकाल

एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतराचा मुक्त प्रोग्रॅम सोर्स कोडमधून स्वतःच्या हाताने बिल्ड करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा एरर कधी ना कधी येतोच. कॉन्फिगर स्क्रिप्ट थोडा वेळ चालते, थांबते आणि शेवटी ही ओळ देते:

एरर: एक्स२६५ नॉट फाउंड युझिंग पीकेजी-कॉन्फिग

आपण बघतो तर लायब्ररीची फाइल जागच्या जागी आहे, टर्मिनलवर एक्स२६५ ही कमांड नीट चालतेय आणि एपीटीही (डेबियन-उबंटूचं पॅकेज बसवणारं टूल) सांगतंय की पॅकेज इन्स्टॉल आहे. मग सुरू होतो नेहमीचा खटाटोप. लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करायची, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून बघायची, नेटवर सापडलेल्या दोन-चार एक्स्पोर्ट ओळी बॅशआरसीत चिकटवायच्या. एखाद्या वेळी नशिबाने चालूनही जातं. पुढच्या अपडेटला तोच एरर पुन्हा दारात उभा.

तो परत येतो, कारण ‘सापडली नाही’ हे शब्द दिशाभूल करतात. फाइल न सापडणं हे या एररमागच्या अनेक कारणांपैकी फक्त एक आहे, आणि ज्याने आधीच लायब्ररी इन्स्टॉल केली आहे त्याच्या बाबतीत ते बहुधा नसतंच. खरं कारण कॉन्फिगरने दुसरीकडे लिहून ठेवलेलं असतं.

इथे लिनक्सवर एफएफएमपेगमध्ये एक्स२६५ ही एचईव्हीसी व्हिडिओ एन्कोड करणारी लायब्ररी जोडण्याचं उदाहरण धरलं आहे. फोल्डरची नावं डेबियन-उबंटूची आहेत. एक्स२६४ आणि एसव्हीटी-एव्ही१ या दुसऱ्या एन्कोडर लायब्ऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे सांगतो. कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

हा एरर नक्की कधी छापला जातो

--एनेबल-लिबएक्स२६५ दिल्यावर कॉन्फिगर आधी पीकेजी-कॉन्फिगला (इन्स्टॉल झालेल्या लायब्ऱ्यांची माहिती देणारं टूल) विचारतं, की ‘एक्स२६५’ नावाची पीसी फाइल तुझ्याकडे आहे का. पीसी फाइल म्हणजे काही ओळींची साधी टेक्स्ट फाइल. लायब्ररीची आवृत्ती कोणती, हेडर कुठे, लिंक करताना कोणते फ्लॅग द्यायचे, एवढंच त्यात असतं. ती मिळाली की कॉन्फिगर त्यातले फ्लॅग उचलतं, टेम्प फोल्डरमध्ये चार ओळींचा एक सी प्रोग्रॅम लिहितं, त्यात एक्स२६५.एच इन्क्लूड करतं, एक्स२६५_एपीआय_गेट या फंक्शनचा नुसता पत्ता घेतं आणि तो प्रोग्रॅम कंपाइल आणि लिंक करून बघतं.

पीसी फाइल मिळाली नाही, कंपाइल अडलं किंवा लिंक अडलं, तिन्ही वेळा स्क्रीनवर वाक्य एकच: नॉट फाउंड युझिंग पीकेजी-कॉन्फिग. खोकला, पोटदुखी आणि मोडलेला हात, तिन्हीला एकाच रोगाचं नाव देणाऱ्या डॉक्टरसारखा हा प्रकार आहे.

म्हणून स्क्रीनवरचं वाक्य सोडून द्या आणि सोर्सच्या फोल्डरमधली एफएफबिल्ड/कॉन्फिग.लॉग ही फाइल उघडा. हजारो ओळींची असते, घाबरायचं नाही, कामाच्या ओळी तळाशी असतात:

टेल -एन ४० एफएफबिल्ड/कॉन्फिग.लॉग

तिथे ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या शब्दांच्या मध्ये तो चिमुकला सी प्रोग्रॅम ओळींच्या आकड्यांसकट दिसतो. त्याखाली जीसीसीची पूर्ण कमांड आणि तिचं उत्तर असतं. पुढचा सगळा तपास या उत्तरावरून ठरतो.

‘पॅकेज एक्स२६५ वॉज नॉट फाउंड इन द पीकेजी-कॉन्फिग सर्च पाथ’ असं असेल, तर पीसी फाइल खरंच मिळालेली नाही. ‘एक्स२६५.एच: नो सच फाइल’ असेल तर हेडर नाही. आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असेल तर पीसी फाइलही मिळाली, हेडरही मिळालं, पण लिंकरला लायब्ररीत सिम्बॉल, म्हणजे फंक्शनचं नाव, सापडला नाही. माझ्या पाहण्यात वारंवार उगवणाऱ्या तक्रारी बहुतांशी या तिसऱ्या गटातल्या असतात. तरी पहिल्यापासून सुरुवात करू, कारण तिसऱ्याचं मूळ पुष्कळदा पहिल्यातच निघतं.

पीसी फाइल नाही

सगळ्यात साधी शक्यता अशी, की तुम्ही लिबएक्स२६५-१९९ किंवा नुसतं एक्स२६५ हे पॅकेज टाकलंय, लिबएक्स२६५-डेव्ह टाकलेलं नाही. पहिल्या दोघांत चालवण्यापुरता माल असतो. हेडर आणि पीसी फाइल डेव्ह पॅकेजमध्ये येतात. एपीटी वापरणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रश्न इथेच मिटतो.

एक्स२६४ सोर्समधून बिल्ड करणाऱ्यांसाठी वेगळी मेख आहे. त्याच्या कॉन्फिगरला --एनेबल-स्टॅटिक किंवा --एनेबल-शेअर्ड यांपैकी काहीच दिलं नाही, तर मेक इन्स्टॉल फक्त कमांड-लाइन प्रोग्रॅम बसवतं. लायब्ररी नाही, हेडर नाही, पीसी फाइल नाही. कमांड मात्र ऐटीत चालते, म्हणून संशय तिकडे जातच नाही.

एक्स२६५ सोर्समधून घेणाऱ्यांची मेख याहून लपलेली आहे. याचा मूळ रेपो बिटबकेटवर मल्टिकोअरवेअरच्या नावाखाली आहे आणि त्याचा इतिहास चांगलाच मोठा आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणारा माणूस साहजिकच --डेप्थ १ लावून क्लोन करतो. अशा क्लोनमध्ये टॅग येत नाहीत. एक्स२६५ ची बिल्डची तयारी करणारं सीमेक मात्र गिटला शेवटचा टॅग (आवृत्तीची खूण) विचारून आवृत्ती ठरवतं. टॅग नाही, म्हणून उत्तर रिकामं. आणि उत्तर रिकामं असलं की एक्स२६५.पीसी तयार करण्याचा भागच ते वगळतं. एरर देत नाही, ठळक सूचनाही देत नाही. लायब्ररी बनते, हेडर बनतात, सगळं /यूएसआर/लोकल खाली जाऊन बसतं, फक्त पीसी फाइल नसते.

उपाय सोपा आहे. क्लोन केलेल्या फोल्डरमध्ये हे चालवा:

गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज

मग बिल्डचं फोल्डर रिकामं करून सीमेक पुन्हा चालवा. जुन्याच फोल्डरमध्ये चालवू नका, सीमेक आपल्या कॅशमधल्या गोष्टी धरून बसतं. डेटा वाचवायचाच असेल तर क्लोन करतानाच --ब्रँच ४.१ असं टॅगचं नाव द्या. मग --डेप्थ १ असूनही तो टॅग सोबत येतो. सीमेकला पाथ देताना सोर्स या आतल्या फोल्डरचा द्यायचा, कारण सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी तिथे आहे, रेपोच्या माथ्यावर नाही.

फाइल आहे पण पीकेजी-कॉन्फिगला दिसत नाही, असंही होतं. डेबियन-उबंटूवर पीकेजी-कॉन्फिग /यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग आपणहून बघतं. तुम्ही होम फोल्डरमध्ये किंवा ऑप्टमध्ये बसवलं असेल तर ते त्याला कळणार कसं? पीकेजी_कॉन्फिग_पाथ या व्हेरिएबलमध्ये तो फोल्डर सांगावा लागतो. इथे एक चूक सतत दिसते: लोक पीसी फाइलचा पूर्ण पाथ देतात. द्यायचा असतो ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा. दुसरं म्हणजे, एक्स्पोर्ट न करता नुसतं व्हेरिएबल लिहिलं तर ते कॉन्फिगरपर्यंत पोहोचतच नाही. आणि कॉन्फिगर सुडोने चालवलं तर एक्स्पोर्ट केलेलंही बहुधा गळून पडतं. कॉन्फिगर आणि मेक यांना सुडोची गरज नाही, ती फक्त इन्स्टॉलला, तेही सिस्टिमच्या फोल्डरमध्ये बसवत असाल तरच.

नावाचीही काळजी घ्या. कॉन्फिगरचा पर्याय लिबएसव्हीटीएव्ही१ सगळा लहान अक्षरांत आहे, पण पीकेजी-कॉन्फिगमधलं नाव एसव्हीटीएव्ही१एन्क हे एस, ए आणि ई कॅपिटल ठेवून लिहितात. हाताने तपासताना सगळं लहान लिहिलंत तर पॅकेज नाही असंच उत्तर येईल, आणि तुम्ही नसलेल्या बिघाडामागे लागाल.

अनडिफाइन्ड रेफरन्स, शेवटी एक आकडा

आता मुख्य दुखणं. लॉगच्या तळाशी असं काही दिसतं:

टेस्ट.सी: अनडिफाइन्ड रेफरन्स टू ‘एक्स२६५_एपीआय_गेट_२१५’
कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस

शेवटचा २१५ बघा. कॉन्फिगरने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तो नव्हता, तिथे नुसतं एक्स२६५_एपीआय_गेट होतं. आकडा हेडरने चिकटवला. एक्स२६५ च्या हेडरमध्ये मॅक्रो आहे, तो फंक्शनच्या नावामागे एक्स२६५_बिल्ड या स्थिरांकाची किंमत जोडतो. एक्स२६४ मध्येही हीच युक्ती आहे, तिथे एक्स२६४_एन्कोडर_ओपन_१६४ असं काहीतरी दिसेल. हे मुद्दाम केलेलं आहे. हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची अशी जोडी चुकूनही जमू नये, लिंक करतानाच अडावी, म्हणजे व्हिडिओ अर्धा झाल्यावर प्रोग्रॅम कोसळण्याची वेळ येत नाही. चांगली सोय आहे. त्रास सोयीचा नाही, एररच्या वरच्या वाक्याचा आहे.

तर या ओळीचा अर्थ एवढाच: कंपायलरने २१५ चं हेडर वाचलं आणि लिंकरच्या हाती वेगळ्या आकड्याची लायब्ररी आली. उबंटू २२.०४ आणि २४.०४ मध्ये एपीटीची एक्स२६५ ही बिल्ड १९९ ची आहे, म्हणजे आवृत्ती ३.५. सोर्समधून ४.१ घेतली की बिल्ड २१५ होते. दोन्ही मशीनवर असतील तर ही मिसळ होणारच. कशी होते ते एकदा समजून घेतलं की पुढे डोकं खाजवावं लागत नाही.

जीसीसी हेडर शोधताना /यूएसआर/लोकल/इन्क्लूड आधी बघतो, /यूएसआर/इन्क्लूड नंतर. म्हणजे हेडर तुमचं, सोर्समधून आलेलं, २१५ चं. लायब्ररी शोधताना डेबियन-उबंटूचा क्रम उलटा पडतो: /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू हा फोल्डर आधी, /यूएसआर/लोकल/लिब त्याच्या मागे. म्हणजे लायब्ररी एपीटीची, १९९ ची. पीसी फाइलने स्पष्टपणे -एल/यूएसआर/लोकल/लिब सांगितलं तर क्रम सुधारतो. पण डेप्थ १ मुळे तुमची पीसी फाइल बनलेलीच नाही! मग पीकेजी-कॉन्फिगला एपीटीची पीसी फाइल मिळते. तिच्यातले पाथ सिस्टिमचे नेहमीचेच, म्हणून तो ते गाळून टाकतो आणि हातावर ठेवतो फक्त -एलएक्स२६५. बाकीचं कंपायलर आणि लिंकर आपापल्या क्रमाने ठरवतात, आणि दोघांचे क्रम वेगळे.

सगळ्या फाइल जागेवर आणि तरी ‘नॉट फाउंड’, याचं कोडं इथे सुटतं. एपीटीची लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही, कारण /यूएसआर/लोकलमधलं हेडर तसंच राहतं. सोर्समधून पुन्हा बिल्ड करूनही काही होत नाही, कारण पीसी फाइल अजूनही बनत नाही.

पुढच्या चार कमांडमध्ये चित्र स्पष्ट होतं. कोणती पीसी फाइल निवडली गेली:

पीकेजी-कॉन्फिग --व्हेरिएबल=पीसीफाइलडीआयआर एक्स२६५

तिची आवृत्ती काय:

पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन एक्स२६५

हेडर किती आहेत आणि कोणाचा आकडा काय:

ग्रेप एक्स२६५_बिल्ड /यूएसआर/इन्क्लूड/एक्स२६५_कॉन्फिग.एच /यूएसआर/लोकल/इन्क्लूड/एक्स२६५_कॉन्फिग.एच

आणि लायब्ररीत खरोखर कोणता सिम्बॉल आहे:

एनएम -डी /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/लिबएक्स२६५.एसओ | ग्रेप एपीआय_गेट

एक्स२६४ साठी आकडा एक्स२६४.एच मध्येच मिळतो, वेगळ्या कॉन्फिग हेडरमध्ये शोधू नका.

आकडे जुळत नसतील तर दोनपैकी एक घर निवडा. एपीटीची आवृत्ती पुरेशी असेल तर /यूएसआर/लोकलमधली स्वतःची काढून टाका. सीमेकने इन्स्टॉल केलेल्या फाइलींची यादी बिल्डच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी नावाने पडलेली असते, ती बघून एकेक काढता येते. बिल्डचं फोल्डर डिलीट केलं असेल तर एक्स२६५.एच, एक्स२६५_कॉन्फिग.एच, लिबएक्स२६५ ने सुरू होणाऱ्या फाइली आणि असली तर पीसी फाइल, एवढं हाताने शोधा. शेवटी सुडो एलडीकॉन्फिग, म्हणजे लायब्ऱ्यांची सिस्टिममधली यादी ताजी होते.

नवी आवृत्तीच हवी असेल, तर ती /यूएसआर/लोकलमध्ये टाकूच नका असा माझा आग्रह आहे. होममध्ये एक वेगळा फोल्डर करा, समजा एफएफएमपेग_बिल्ड. एक्स२६५ च्या सीमेकला सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्समध्ये तोच फोल्डर द्या, एनेबल_शेअर्ड बंद करा, म्हणजे फक्त स्टॅटिक लायब्ररी बनेल, जी प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच मिसळते. मग एफएफएमपेगचं कॉन्फिगर असं:

पीकेजी_कॉन्फिग_पाथ=$होम/एफएफएमपेग_बिल्ड/लिब/पीकेजीकॉन्फिग ./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/एफएफएमपेग_बिल्ड --पीकेजी-कॉन्फिग-फ्लॅग्ज=--स्टॅटिक --एक्स्ट्रा-सीफ्लॅग्ज=-आय$होम/एफएफएमपेग_बिल्ड/इन्क्लूड --एक्स्ट्रा-एलडीफ्लॅग्ज=-एल$होम/एफएफएमपेग_बिल्ड/लिब --एनेबल-जीपीएल --एनेबल-लिबएक्स२६५

फायदा असा की एपीटी काहीही अपडेट करो, या फोल्डरला हात लागत नाही. नको झालं की एक फोल्डर उडवला, काम संपलं.

स्टॅटिक केलं आणि नवीनच अनडिफाइन्ड रेफरन्स आले

हेही त्याच ‘नॉट फाउंड’च्या पांघरुणाखाली येतं, पण लॉगमधली नावं वेगळी असतात: एसटीडी:: ने सुरू होणारी लांबलचक नावं, किंवा न्यूमा_ ने सुरू होणारी. एक्स२६५ सी++ मध्ये लिहिलेलं आहे आणि एफएफएमपेग सी मध्ये. शेअर्ड लायब्ररी आपल्याला लागणाऱ्या इतर लायब्ऱ्यांची नोंद स्वतःजवळ ठेवते, स्टॅटिक लायब्ररी ठेवत नाही. ती नोंद पीसी फाइलमध्ये लिब्ज.प्रायव्हेट या ओळीत असते आणि पीकेजी-कॉन्फिग ती ओळ --स्टॅटिक म्हटल्याशिवाय वाचत नाही. वरच्या कमांडमध्ये तो फ्लॅग त्यासाठीच आहे.

न्यूमाचं प्रकरण थोडं अजब आहे. एक्स२६५ बिल्ड करताना मशीनवर लिबन्यूमा-डेव्ह असेल, तर सीमेक न विचारता त्याचा आधार घेतं. मग ती स्टॅटिक लायब्ररी दुसऱ्या मशीनवर किंवा डॉकरच्या पुढच्या टप्प्यात नेली, जिथे लिबन्यूमा नाही, की अडकते. दोन्हीकडे लिबन्यूमा-डेव्ह ठेवा, नाहीतर एक्स२६५ ला एनेबल_लिबन्यूमा=ऑफ द्या. साध्या लॅपटॉपवर त्याने काही बिघडत नाही, न्यूमा हा अनेक प्रोसेसर सॉकेट असलेल्या सर्व्हरचा विषय आहे.

‘रिकंपाइल विथ -एफपीआयसी’ असं दिसलं, तर तुम्ही एफएफएमपेग शेअर्ड बनवताय आणि आत स्टॅटिक लायब्ररी घालताय. एक्स२६४ च्या कॉन्फिगरला --एनेबल-पिक देऊन ती पुन्हा बनवा.

जे लगेच सुटतं

‘लिबएक्स२६५ इज जीपीएल अँड --एनेबल-जीपीएल इज नॉट स्पेसिफाइड’: वाक्यातच उत्तर आहे, पर्याय जोडा. ऑफिसच्या प्रॉडक्टमध्ये घालणार असाल तर मात्र जोडण्याआधी थांबा. तो पर्याय दिला की पूर्ण एफएफएमपेग जीपीएलखाली येतं, आणि ते वाटताना सोर्स देण्याच्या अटी लागू होतात. एक्स२६५ चा व्यावसायिक परवाना वेगळा मिळतो, तो निर्णय वकिलांचा.

सीमेक ४ आल्यावर एक्स२६५ ४.१ चा बिल्ड सीमेकच्या पायरीलाच ‘पॉलिसी सीएमपी००२५ मे नॉट बी सेट टू ओल्ड’ म्हणून मोडतो. सीमेकने जुन्या वागणुकीचा आधार काढून टाकला आणि सीमेकलिस्ट्समध्ये तो अजून मागितलेला आहे. ओल्ड मागणाऱ्या ओळी, सीएमपी००२५ आणि सीएमपी००५४ च्या, न्यू करा आणि सीमेकला -डी सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५ द्या, किंवा रेपोतला पुढचा कोड घ्या.

एक नवं, एक जुनं, म्हणून जमत नाही

कॉन्फिगर पार पडलं आणि मेक लिबएक्स२६५.सी किंवा लिबएसव्हीटीएव्ही१.सी वर थांबलं, तर फाइली शोधण्याच्या भानगडीत पडू नका. इथे एपीआय, म्हणजे लायब्ररीची फंक्शनं बोलावण्याची पद्धत, बदललेली आहे. एसव्हीटी-एव्ही१ च्या ३.० मध्ये एसव्हीटी_एव्ही१_एन्क_इनिट_हँडल या फंक्शनचं एक आर्ग्युमेंट गेलं. आधीचं एफएफएमपेग ते अजून पाठवतं, म्हणून ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’. एक्स२६५ ४.० मध्ये एन्कोड करणाऱ्या फंक्शनचं आउटपुट आर्ग्युमेंट बदललं आणि बिल्ड २१३ पासून पुन्हा पहिल्यासारखं केलं गेलं. आजच्या एफएफएमपेगच्या कोडमध्ये २१० ते २१२ या बिल्डसाठी वेगळी वाट ठेवलेली दिसते ती यामुळेच. मधल्या काळातली जोडी हातात असेल तर कंपायलर कधी नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो आणि एन्कोड सुरू होताच प्रोग्रॅम सेगफॉल्ट होतो. उपाय एकच, एफएफएमपेग लायब्ररीपेक्षा नवं घ्या. जुनं एफएफएमपेग आणि ताजी एन्कोडर लायब्ररी ही जोडी टाळा, उलटी जोडी सहसा चालते.

बिल्ड झालं, आता चालेना

‘लिबएक्स२६५.एसओ.२१५: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. बिल्ड करतानाचे पाथ आणि चालवतानाचे पाथ यांचा एकमेकांशी संबंध नाही. एलडीडी या कमांडला (ती प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवते) एफएफएमपेगच्या फाइलचा पाथ देऊन बघा, ‘नॉट फाउंड’ कुठे आहे ते कळेल. डेबियन-उबंटूवर /यूएसआर/लोकल/लिब लोडरच्या यादीत असतो, फक्त सुडो एलडीकॉन्फिग राहिलेलं असतं. फेडोरावर तो फोल्डर यादीतच नसतो, /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये एक फाइल करून घालावा लागतो, मग एलडीकॉन्फिग.

यावर नेटवर एक ‘झटपट उपाय’ फिरतो: जुन्या नावाची सिमलिंक करा, म्हणजे .१९९ मागणाऱ्याला .२१५ दाखवा. करू नका. वर पाहिलं तसं आकडा फक्त फाइलच्या नावात नाही, सिम्बॉलच्या नावातही आहे. फाइल उघडेल आणि लगेच ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल: एक्स२६५_एपीआय_गेट_१९९’ येईल. मॅकवर होमब्रूने एक्स२६५ अपग्रेड केल्यावर स्वतः बनवलेलं एफएफएमपेग ‘लायब्ररी नॉट लोडेड’ म्हणतं, तेही हेच. तिथेही एफएफएमपेग पुन्हा लिंक करण्यावाचून इलाज नाही.

‘अननोन एन्कोडर लिबएक्स२६५’ आलं तर बहुतेक वेळा तुम्ही बनवलेलं एफएफएमपेग चालतच नसतं. टाइप -ए एफएफएमपेग करून किती एफएफएमपेग आहेत ते बघा, हॅश -आर करून बॅशची जुनी आठवण पुसा, आणि एफएफएमपेग -बिल्डकॉन्फ मध्ये --एनेबल-लिबएक्स२६५ आहे का ते वाचा. शेअर्ड बिल्ड असेल तर सुरुवातीच्या बॅनरमध्ये ‘वॉर्निंग: लायब्ररी कॉन्फिगरेशन मिसमॅच’ अशी ओळ शोधा. ती असेल तर प्रोग्रॅम तुमचा आहे, पण लिबएव्हीकोडेक सिस्टिमचं लोड झालंय.

चालतंय, पण रडतखडत. किंवा दहा बिट नाही

एन्कोड सुरू होताना एक्स२६५ ‘युझिंग सीपीयू कॅपेबिलिटीज’ अशी एक ओळ छापतं. त्यापुढे एसएसई, एव्हीएक्स२ वगैरे यादी हवी. ‘नन!’ असं असेल तर लायब्ररी असेंब्लीशिवाय बनली आहे आणि वेग कित्येक पटींनी खाली आला आहे. कारण बहुधा नॅझम हा असेंब्लर नव्हता किंवा २.१३ पेक्षा जुना होता. एफएफएमपेगचं कॉन्फिगर नॅझम नसेल तर अडतं आणि ‘क्रिपल्ड बिल्ड’साठी वेगळा पर्याय द्या असं तोंडावर सांगतं. एक्स२६५ चं सीमेक मात्र सूचना देऊन पुढे निघून जातं, आणि ती सूचना शंभर ओळींत हरवते. नॅझम टाकून, बिल्डचं फोल्डर रिकामं करून पुन्हा बनवा.

दहा बिटांचं असं आहे की साधं सीमेक चालवलं तर फक्त आठ बिटांची लायब्ररी मिळते. एफएफएमपेग चालताना लायब्ररीलाच विचारतं की तुला बारा येतात का, दहा येतात का, आणि त्यावरून पिक्सेल फॉरमॅटची यादी ठरवतं. एफएफएमपेग -एच एन्कोडर=लिबएक्स२६५ मध्ये वाययूव्ही४२०पी१०एलई दिसत नसेल तर एफएफएमपेगचे पर्याय धुंडाळू नका, तिथे तसा पर्यायच नाही. एक्स२६५ च्या रेपोत बिल्ड/लिनक्समध्ये मल्टिलिब.एसएच ही स्क्रिप्ट आहे. ती आठ, दहा आणि बारा बिटांच्या तीन लायब्ऱ्या वेगवेगळ्या बनवते आणि एआर वापरून एकच लिबएक्स२६५.ए करते. स्क्रिप्टमध्ये तुमचा प्रीफिक्स मात्र घातलेला नसतो. तो आठ बिटांच्या, म्हणजे शेवटच्या सीमेक ओळीत जोडा, कारण इन्स्टॉल तिथूनच होतं. बाकीच्या दोन फक्त आत मिसळायच्या असतात. मग एफएफएमपेग पुन्हा लिंक करा. स्टॅटिक असेल तर फाइल बदलल्याचं मेकला आपोआप कळत नाही, म्हणून आधी एफएफएमपेग आणि एफएफएमपेग_जी या दोन्ही फाइली काढा आणि मगच मेक चालवा.